इंग्रजी धावते, मराठी चालते

फोन तापला की आपण सेटिंग्जमध्ये जाऊन बघतो, मागे कोणकोणती ॲप्स ‘रन’ होताहेत. धावत खरं तर कुणीच नसतं. फोन टेबलावर गप्प पडलेला असतो.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या संपादकाने या एका क्रियापदावर नऊ महिने काम केलं. २०११मध्ये बातमी आली, तेव्हा ‘रन’चे अर्थ भरले होते ६४५! (एका शब्दासाठी नऊ महिने पगार देणारी संस्था जगात आहे, हे वाचून मला जरा बरंच वाटलं.) याच कोशाची पहिली आवृत्ती १९२८ साली पूर्ण झाली, तेव्हा सगळ्यात लांबलचक नोंद ‘सेट’ची होती. मग ‘रन’ पुढे कसा गेला?

मुळात हा शब्द पायांइतकाच पाण्याचाही. त्याच्या जर्मन भावंडांपैकी ‘रेनेन’ म्हणजे धावणं आणि ‘रिनेन’ म्हणजे पाझरणं, वाहणं. इंग्रजीत दोन्ही कामं एकाच शब्दाकडे आली. म्हणून तिथे नदीही ‘रन’ होते आणि सर्दी झाली की नाकही. क्रिकेटमध्ये अठराव्या शतकात गुण मोजणारा काठीवर खाच पाडायचा आणि गुणालाही ‘नॉच’, म्हणजे खाचच, म्हणत. पुढे तिथेही ‘रन’ आला. आज चौकार मारणारा जागचा न हलता चार ‘रन’ काढतो आणि आपणही त्याला बिनदिक्कत ‘धावा’ म्हणतो.

पण खरी भर पडली ती यंत्रांमुळे. वाफेचं इंजिन, गिरणी, रेल्वे... न थकता सुरू राहणाऱ्या या वस्तूंसाठी इंग्रजीने ‘रन’ वापरला. यंत्र ‘रन’ होतं, तर मालक गिरणी ‘रन’ करतो, कुणी सरकार ‘रन’ करतं. शेवटी कॉम्प्युटर आला आणि प्रोग्रामही त्याच रांगेत जाऊन बसला.

तीच यंत्रं आपल्याकडेही आली. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली आणि त्याच दशकात ताडदेवला कापसाची गिरणी उभी राहिली. मराठीत तंत्रज्ञानाला शब्द नाहीत, ही तक्रार आपण सतत ऐकतो. इथे तर क्रियापद घरातच होतं. हातमाग चालत होता, संसार चालत होता, कज्जा चालत होता. आता गिरणी चालू लागली. पुढे पंखा, टीव्ही, वायफाय, सगळं ‘चालतं’. इतकंच काय, आपला होकारही ‘चालेल’ असा असतो. आणि एखादा माणूस ‘चालू’ आहे म्हटलं की त्याच्यापासून जपून राहायचं.

थोडं खोल गेलं की हा फरक आणखी मजेशीर होतो. ‘करन्सी’ आणि ‘करिक्युलम’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी लॅटिनमधलं धावणं आहे. त्यांच्यासाठी आपण वापरतो ‘चलन’ आणि ‘अभ्यासक्रम’. ‘चलन’मध्ये चालणं आहे, तर ‘क्रम’ म्हणजे मुळात पाऊल. बँकेतलं ‘करंट अकाउंट’ मराठीत आलं तेही ‘चालू खातं’ होऊनच. तिकडे पैसा धावतो, इकडे तो चालतो. (महिनाअखेरीस दोन्हीकडे तो संपलेलाच असतो, ते सोडा.)

निवडणुकीत मात्र इंग्रजीचंच एकमत नाही. अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटिश उमेदवार ‘स्टँड’ करतो. आपला उमेदवारही ‘उभा राहतो’. निवडणुका आपण कुणाच्या राज्यात शिकलो, ते इथे दिसतं.

परवा लोकलमध्ये शेजारी उभी असलेली एक मुलगी फोनवर मैत्रिणीला सांगत होती, “अगं, कोड रन केला, पण चालला नाही.” ‘रन’ म्हणजे तिने बटण दाबलं. काम झालं की नाही, हे सांगायला तिला ‘चालणं’च लागलं.