कंट्रोल आणि म

इन्स्क्रिप्ट हा मराठीचा कळफलक चालू असताना विम या टेक्स्ट एडिटरमधून फाइल सेव्ह करून बाहेर पडायचं म्हटलं, तर बोटं सवयीने कोलन, डब्ल्यू, क्यू या कळांवर पडतात. एडिटरच्या हाती मात्र येतो छ, त्यामागून ऐकाराची मात्रा आणि मग औकाराची. यातल्या एकाही चिन्हाला त्याच्या लेखी आज्ञेचा अर्थ नाही, त्यामुळे फाइल तशीच उघडी राहते. मराठीत लिहिणाऱ्याला आधी कळफलक इंग्रजी करावा लागतो, आज्ञा द्यावी लागते आणि पुन्हा मराठीत यावं लागतं. एका परिच्छेदात ही ये-जा कितीतरी वेळा होते.

या अडचणीचं मूळ मराठीच्या संगणकावर येण्याआधीचं आहे. 1963 साली ठरलेल्या आस्की संकेतावलीत कंट्रोल कळेचं काम गणिती होतं: अक्षराच्या क्रमांकातून 64 वजा करायचे. मोठ्या एचचा क्रमांक 72, म्हणून कंट्रोल-एच म्हणजे 8, अर्थात एक घर मागे. जेचा 74, म्हणून कंट्रोल-जे म्हणजे 10, अर्थात खालची ओळ. लिअर सीगलर कंपनीच्या एडीएम-3ए टर्मिनलवर बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या. बाण एच, जे, के, एल याच कळांवर छापलेले होते. बर्कलीत शिकणाऱ्या बिल जॉयने 1976च्या सुमारास व्हीआय हा एडिटर याच टर्मिनलवर घडवला आणि पडद्यावर फिरण्यासाठी तीच चार अक्षरं घेतली. ब्राम मूलेनार या डच प्रोग्रामरने 1991 साली विम प्रसिद्ध केला, तेव्हा ती त्यातही आली. इन्स्क्रिप्टमध्ये त्या चार कळांवर प, र, क, त आहेत.

कट, कॉपी, पेस्टची वाट वेगळी. लॅरी टेसलर आणि टिम मॉट यांनी सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात जिप्सी हा एडिटर तयार केला, तिथे ही कल्पना रुजली. पुढे टेसलर अ‍ॅपलमध्ये गेले आणि 1983च्या लिसा संगणकापासून झेड, एक्स, सी, व्ही या कळा सर्वांच्या हातात बसल्या. यातली सी कॉपीचं आद्याक्षर म्हणून लक्षात राहते, पण व्हीचा पेस्टशी अक्षराने काही संबंध नाही. ती सीच्या शेजारी आहे एवढंच. म्हणजे शॉर्टकट अक्षराचा की जागेचा, हा प्रश्न पहिल्यापासूनच अर्धवट राहिला होता. इंग्रजीत तो कुणाला पडला नाही, कारण तिथे दोन्ही एकच होतं.

महाराष्ट्रातल्या डीटीपी केंद्रांनाही नव्वदच्या दशकात तो फारसा जाणवला नाही. तेव्हाच्या बहुतेक मराठी फॉन्टमध्ये लॅटिन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असत. संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजीच असल्याने कंट्रोल-सी निमूटपणे चाले. त्याची किंमत फार मोठी होती. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर अख्खा दिवाळी अंक रोमन अक्षरांचा चिखल होऊन उघडे; त्यात शब्द शोधणं किंवा अकारविल्हे यादी लावणं अशक्य असे.

दुसरा, सरळ रस्ता तोवर तयार होत होता. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांच्या पुढाकाराने भारतीय लिप्या संगणकावर आणणारं जिस्ट तंत्रज्ञान उभं राहिलं आणि ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. 1986 साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक ठरवला: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या, आणि जवळपास सगळ्या भारतीय लिप्यांसाठी मांडणी एकच. वर्णमालेची शिस्त कळफलकावर इतक्या नेटकेपणाने उतरवणारी दुसरी मांडणी आपल्याकडे झालेली नाही. पुढे युनिकोड या संकेतावलीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. मचा क्रमांक 2350. त्यातून 64 वजा करून काहीच साधत नाही.

विंडोज 2000 मध्ये मराठी आली, तेव्हा कॉपी-पेस्ट अडलं नाही, कारण विंडोज प्रत्येक कळेला तिच्या अक्षराखेरीज एक वेगळी ओळख देतं. इन्स्क्रिप्टमध्ये त्या कळेतून म उमटला, तरी तिची आतली ओळख सीचीच राहते. म्हणून कंट्रोल-म कॉपी करतो आणि कंट्रोल-न पेस्ट. लिनक्सवरच्या एक्स विंडो व्यवस्थेत प्रोग्रामला कळेसोबत चालू लिपीतलं चिन्ह मिळतं. त्या कळेवरचं लॅटिन अक्षर शोधण्याची जबाबदारी बरीचशी प्रोग्रामवर पडते. कुणी ती घेतो, कुणी विसरतो.

रशियन आणि ग्रीक लिहिणाऱ्यांनीही हाच त्रास सोसला. विममध्ये त्यावर लँगमॅप ही सोय आहे: आज्ञेच्या वेळी अमुक अक्षर आलं तर ते तमुक लॅटिन अक्षर समजायचं. तिच्या माहितीपानावर उदाहरण ग्रीकचं दिलेलं आहे, आणि ग्रीकला ही सोय चपखल बसते, कारण तिथे एका कळेतून एकच अक्षर निघतं. देवनागरीत तसं नाही. ओळीच्या शेवटी नेणारं डॉलरचं चिन्ह शिफ्ट-4 वर असतं. इन्स्क्रिप्टमध्ये तिथे रफार आहे, म्हणजे र आणि हलन्त अशी दोन चिन्हं. शिफ्ट-6 मधून त्र निघतो, म्हणजे तीन. एकास एक जोडी लावणाऱ्या तक्त्यात ही चिन्हं बसवायची कुठे? शिवाय मात्रा ही मागच्या अक्षराला चिकटणारी चीज. ती एकटी आज्ञा म्हणून आली की एडिटर गोंधळतो.

त्यापेक्षा 2001च्या विम 6.0 मधली कीमॅपची पद्धत देवनागरीला अधिक मानवते. यात यंत्राचा कळफलक इंग्रजीच राहतो आणि मजकूर लिहिताना तेवढं एडिटर स्वतः अक्षर बदलतो. आज्ञेच्या वेळी एच हा एचच असतो. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरने ही वाट आधीच धरली होती. जपानमध्ये केनिची हांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुभाषिक लेखनासाठी केलेलं काम 1997 साली ईमॅक्स 20 मध्ये सामावलं गेलं. ईमॅक्समध्ये देवनागरी इन्स्क्रिप्ट आयतं मिळतं; कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ दाबली की लिपी बदलते, आणि कंट्रोलच्या बाकीच्या आज्ञा जागच्या जागी राहतात.

आता लेखन ब्राउझरमध्ये सरकलं आहे आणि तिथे प्रत्येक कळेसोबत दोन गोष्टी पोहोचतात: उमटलेलं अक्षर आणि कळेची जागा. फक्त अक्षर पाहणारं संकेतस्थळ मराठी कळफलकावर मुकं होतं. फक्त जागा पाहणारं फ्रेंचांना फसवतं, कारण त्यांच्या कळफलकावर झेड आणि डब्ल्यू यांची अदलाबदल झालेली असते. त्यांनी झेड दाबून केलेलं अन्डू भलतीकडे जातं. म्हणून आधी अक्षर पाहावं, ते लॅटिन नसेल तरच जागेकडे वळावं. काही ओळींचंच हे काम आहे, आणि लिपी न बदलता मराठीत लिहू पाहणाऱ्यासाठी प्रत्येक प्रोग्रामरने ते करायला हवं.