इंजिन बदलल्यावर ‘चेक इंजिन’ दिवा का पेटतो? फॉल्ट कोडचा अर्थ आणि दोष शोधण्याची पद्धत

इंजिन सीझ झाले किंवा दुरुस्तीचा खर्च आवाक्याबाहेर गेला, की अपघातग्रस्त गाडीतले चालू इंजिन आणून बसवण्याचा पर्याय निवडला जातो. नवे आलेले इंजिन सुरू होते, आवाजही ठीक असतो, पण डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझत नाही. स्कॅनर लावला की पाच-सहा कोड एकदम दिसतात. खर्च वाढतो तो इथे. कोडमध्ये ज्या सेन्सरचे नाव आले तो बदलला जातो, दिवा तरीही राहिला तर दुसरा सेन्सर, आणि शेवटी अख्खा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक. बऱ्याच वेळा हे सगळे भाग चांगलेच असतात. दोष वायरिंगमध्ये, अर्थिंगमध्ये किंवा जुन्या संगणकाशी न जुळणाऱ्या इंजिनात असतो.

कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही

आज वापरली जाणारी कोडपद्धत ओबीडी-२ या नावाने ओळखली जाते. अमेरिकेत ती १९९६ पासूनच्या गाड्यांना सक्तीची झाली. भारतात बीएस-४ बरोबर एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ आले. स्टिअरिंगच्या खाली असलेले १६ पिनांचे सॉकेट त्याचेच.

कोडमधले पहिले अक्षर विभाग दाखवते: ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, ‘बी’ बॉडी, ‘सी’ ब्रेक व सस्पेन्शन, ‘यू’ संगणकांमधला आपापसातला संपर्क. त्यानंतर शून्य असेल तर कोडचा अर्थ सर्व कंपन्यांत सारखा असतो. एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा कोड असतो आणि दुसऱ्या कंपनीच्या यादीत त्याचा अर्थ शोधणे निरुपयोगी.

महत्त्वाचा मुद्दा असा, की पी०३३५ या कोडचा अर्थ ‘क्रँक सेन्सर खराब’ असा नाही. अर्थ आहे ‘क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड’. सर्किटमध्ये सेन्सर येतो, तशा त्याच्या दोन-तीन वायरी, कपलर, अर्थिंग आणि सेन्सरसमोर फिरणारे दातेरी चक्रही येते. इंजिन काढताना-बसवताना यातल्या प्रत्येक गोष्टीला हात लागलेला असतो.

म्हणून पहिले काम म्हणजे सगळे कोड लिहून घेणे किंवा त्यांचा फोटो काढणे. कोडबरोबर साठवलेली ‘फ्रीझ फ्रेम’ माहितीही घ्यावी. कोड नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान आणि भार किती होता ते तिच्यात असते. त्यानंतरच कोड खोडावेत आणि गाडी सुरू करावी. इंजिन बसवताना कपलर निघालेले असताना कोणी चावी फिरवली असेल, तर त्या वेळचे कोड जुने असतात आणि परत येत नाहीत. जे लगेच परततात, त्यांचाच शोध घ्यायचा.

अनेक कोड एकदम आले तर आधी अर्थिंग

एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच सेन्सर एकाच दिवशी खराब होत नाहीत. तसे दिसत असेल तर त्यांच्यात सामायिक काय आहे ते पाहावे.

सर्वाधिक वेळा विसरली जाणारी गोष्ट म्हणजे इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे ती पट्टी नसेल तर त्याचा बॉडीशी विजेचा धड संपर्क राहत नाही. स्टार्टरचा प्रचंड करंट मग मिळेल त्या वाटेने परततो: गिअरची केबल, सेन्सरांच्या बारीक वायरी. इंजिन कधी सुरू होते, कधी नाही, आणि स्कॅनरवर रोज वेगळे कोड दिसतात. पट्टी लावलेली असली तरी तिच्याखाली रंग किंवा गंज असेल तर परिणाम तोच.

तपासणी सोपी आहे. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून स्टार्टर मारावा. साधारण ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसले तर अर्थिंग ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला, तर सेन्सरला हात लावण्याचे कारण नाही.

दुसरी सामायिक गोष्ट म्हणजे ५ व्होल्टचा पुरवठा. ईसीयू अनेक सेन्सरना एकाच तारेवरून ५ व्होल्ट देतो. त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला किंवा त्याची वायर एक्झॉस्टला टेकून जळली, तर बाकी सगळे एकदम ‘खराब’ दिसतात. काही गाड्यांत पी०६४१ हा कोडही येतो. सेन्सरचे कपलर एकेक करून काढत जायचे आणि मीटरवर ५ व्होल्ट कधी परततात ते पाहायचे. ज्याचा कपलर काढल्यावर ते परतले, तो गुन्हेगार.

यानंतर थंड इंजिनावर चावी चालू करून स्कॅनरचा ‘लाइव्ह डेटा’ पाहावा. कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान बाहेरच्या हवेइतके हवे. मे महिन्यात पुण्यात उभ्या असलेल्या गाडीत कूलंट उणे ४० अंश दिसत असेल तर वायर तुटलेली आहे किंवा कपलर लागलेला नाही. दहा-पंधरा अंशांचा फरक असेल, तर दुसऱ्या आवृत्तीचा सेन्सर इंजिनाबरोबर आलेला असू शकतो. अशा वेळी जुन्या इंजिनावरचा सेन्सर नव्यावर बसवून पाहावा.

इंजिन तेच, पण तेच नाही

ईसीयू क्रँकची जागा दातेरी चक्राचे दात मोजून ओळखतो. काही इंजिनांत ३६ पैकी एक दात मुद्दाम गाळलेला असतो, काहींत ६० पैकी दोन. संगणकाला ज्या चक्राची सवय आहे त्यापेक्षा वेगळे चक्र समोर आले, तर सेन्सर नवाकोरा असूनही ठिणगी आणि इंधन सुटत नाही. जनरल मोटर्सची १९९७ मध्ये आलेली एलएस मालिका याचे प्रसिद्ध उदाहरण. अमेरिकेत ही इंजिने हौसेने इतर गाड्यांत बसवली जातात. सुरुवातीच्या इंजिनांत २४ संकेतांचे चक्र होते, नंतरच्यांत ५८ चे. बाहेरून ब्लॉक जवळजवळ सारखा, पण ईसीयू अदलाबदलीचे नाहीत. चक्र क्रँकवरच असल्याने ते बदलायला इंजिन उघडावे लागते. म्हणून बरेच जण इंजिनाबरोबरचा ईसीयूच घेतात किंवा संकेत बदलून देणारी पेटी बसवतात.

लक्षण ओळखायला स्कॅनरवरचा आरपीएम पुरतो. स्टार्टर फिरत असताना १५०-२५० च्या आसपास आकडा दिसायला हवा. शून्य किंवा उड्या मारणारा आकडा असेल तर क्रँकचा संकेत पोचत नाही किंवा जुळत नाही.

महाराष्ट्रात ओळखीचे उदाहरण १.३ लिटर मल्टिजेट डिझेलचे. पुण्याजवळ रांजणगावलाही बनलेले हे इंजिन फियाट, टाटा आणि मारुती अशा तिघांच्या गाड्यांत होते. पण ७५ अश्वशक्तीच्या आवृत्तीला साधा टर्बो आणि ९० च्या आवृत्तीला पात्यांचा कोन बदलणारा टर्बो. ९० चे इंजिन ७५ च्या संगणकावर चालवले, तर त्या पात्यांना हुकूम देणारे कोणीच नसते. मग बूस्ट दाबाचे कोड येतात आणि गाडी ओढत नाही. अशा वेळी इंजिनाइतकेच महत्त्व त्याच्याबरोबर आलेल्या टर्बो, सेन्सर आणि ईसीयूच्या क्रमांकांना असते.

अनेक कॉमन रेल डिझेलमध्ये आणखी एक पायरी आहे. प्रत्येक इंजेक्टरवर त्याच्या इंधनमापाची दुरुस्ती सांगणारा अक्षर-अंकांचा कोड छापलेला असतो. तो स्कॅनरने ईसीयूमध्ये भरावा लागतो. इंजिन बदलले म्हणजे इंजेक्टरही बदलले. जुनेच आकडे राहिले तर आयडलिंगला थरथर आणि धूर येतो.

इतर नेहमीचे कोड

पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. इंजिन बदलल्यावर याचे कारण बहुधा एखादा विसरलेला व्हॅक्यूम पाइप किंवा इनटेकचे जुने गॅस्केट. आयडलवर इंधनाची दुरुस्ती, म्हणजे फ्युएल ट्रिम, अधिक २० टक्के आणि २५०० आरपीएमवर जवळजवळ शून्य असेल तर हवा गळते आहे. भार वाढला की ट्रिमही वाढत असेल तर इंधनाचा पुरवठा किंवा हवेचा सेन्सर तपासावा. व्ही-आकाराच्या इंजिनात एका बाजूचा ट्रिम वर आणि दुसरीचा खाली टोकाला गेला, तर दोन ऑक्सिजन सेन्सरचे कपलर उलटे लागलेत.

पी००१६ मात्र वेगळ्या वजनाचा आहे. क्रँक आणि कॅम यांचा मेळ नाही, असे तो सांगतो. टायमिंग एक दात चुकलेले असू शकते किंवा जुन्या इंजिनाची चेन ताणलेली असू शकते. अनेक इंजिनांत टायमिंग सुटले तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. हा कोड परत आला तर गाडी चालवू नये, आधी कव्हर उघडावे.

इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडत असेल तर इमोबिलायझरचा संशय घ्यावा. मूळ ईसीयू कायम ठेवला असेल तर ही अडचण सहसा येत नाही. दुसऱ्या गाडीचा ईसीयू आला असेल तर चावीशी त्याची जुळणी करावी लागते. स्कॅनरला ईसीयूच सापडत नसेल, म्हणजे यू०१०० सारखा कोड असेल, तर त्याचे फ्यूज, अर्थिंग आणि संपर्काच्या तारा पाहाव्यात.

कोड खोडून दिलेली गाडी

कोड खोडले किंवा बॅटरी काढली की दिवा काही काळ विझतो. गाडी ताब्यात घेताना स्कॅनरवर ‘रेडिनेस मॉनिटर’ पाहावेत. बहुतेक ‘अपूर्ण’ दिसत असतील, तर कोड नुकतेच खोडले आहेत. पूर्ण होण्यासाठी थंड सुरुवात, शहरातली रहदारी आणि सलग मोकळा रस्ता असे काही दिवसांचे चालवणे लागते. त्यानंतर दिवा आला नाही, तरच काम झाले. पीयूसी प्रमाणपत्रावर विसंबू नये, कारण त्या तपासणीत धूर आणि वायू मोजले जातात, कोड वाचले जात नाहीत.

आरसी पुस्तकावर इंजिन क्रमांक असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्याची नोंद आरटीओकडे करावी लागते. ती नसेल तर विम्याचा दावा आणि गाडीची विक्री दोन्ही अडकू शकतात. त्यासाठी जुन्या इंजिनाचे बिल आणि ते ज्या गाडीतून आले तिची कागदपत्रे खरेदीच्या वेळीच मागून घ्यावीत.