‘अनकव्हेनंटेड’: एका विशेषणाची कथा

इंग्रजीतील काही विशेषणे वाङ्मयापेक्षा दफ्तरातच अधिक नांदली. ‘अनकव्हेनंटेड’ हे त्यांपैकी एक. स्वप्रांत सोडून सरकारी चाकरी करणाऱ्या आम्हां मंडळींनी त्याचा इतिहास एकदा तरी न्याहाळावा, असे आम्हांस वाटते.

‘कव्हेनंट’ म्हणजे प्रतिज्ञापूर्वक केलेला करार. आणि त्या कराराबाहेरचा तो ‘अनकव्हेनंटेड’. ख्रिस्ती धर्मविचारात ‘अनकव्हेनंटेड मर्सीज’ असा प्रयोग रूढ आहे. ज्यांना ईश्वराने वचन दिलेले नाही, त्यांच्याही वाट्यास क्वचित येणारी कृपा, असा त्याचा आशय. ही कृपा हक्काने मागावयाची नसते. लाभलीच तर उपकार मानावयाचे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात मात्र या शब्दाचा संबंध परलोकाशी नसून पगाराशी होता. कंपनीचे वरिष्ठ मुलकी नोकर करारपत्रावर सही करीत. १७६५ साली क्लाइव्हने बंगालमध्ये ज्या करारपत्रांवर सह्या करविल्या, त्यांचा हेतू नजराणे उकळण्यास आळा घालण्याचा होता. म्हणजे करार हे भूषण नव्हते. ती वेसण होती! पुढे १७९३ च्या कायद्याने मोठ्या जागा याच वर्गासाठी राखल्या गेल्या आणि वेसणीचे बिरुद झाले. मराठीने या वर्गास ‘सनदी’ म्हटले, ते मार्मिकच होय. करार माणसाला बांधतो. सनद त्याला अधिकार बहाल करते.

ज्यांस ही सनद नव्हती, ते सारे ‘अनकव्हेनंटेड’. त्यांत काही युरोपीय व अँग्लो-इंडियन होते. परंतु मामलेदार, मुन्सफ, डेप्युटी कलेक्टर अशा जागांवरील एतद्देशीयांचा भरणा मोठा. १८३३ च्या कायद्याने धर्म, जन्म वा वर्ण यांवरून कोणास अपात्र ठरवू नये असे सांगितले; १८५३ च्या कायद्याने स्पर्धापरीक्षेचे दार उघडले. पण परीक्षा लंडनमध्ये! १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर ती उत्तीर्ण झाले व मुंबई इलाख्यात रुजू झाले. १८६९ साली श्रीपाद बाबाजी ठाकूर उत्तीर्ण झाले, तेव्हा वयाच्या वादात त्यांचे व सुरेंद्रनाथ बॅनर्जींचे नाव प्रथम गाळण्यात आले. ते पुढे परत घेणे भाग पडले. इकडे १८७१ साली पुण्यास प्रथम वर्गाचे सबजज्ज झालेले न्यायमूर्ती रानडे मात्र सनदेबाहेरच्याच वर्गात गणले गेले. त्यांच्या विद्वत्तेस हे नकारार्थी विशेषण काय सांगणार होते?

१८८६ साली नेमलेल्या एचिसन कमिशनने ही दोन्ही विशेषणे टाकून द्यावीत, अशी शिफारस केली. इंपीरियल, प्रांतिक व दुय्यम अशी नवी नावे सुचविली गेली. शब्द गेला, अंतर राहिले.

आजही आमच्या कचेऱ्यांत ‘अराजपत्रित’ हे विशेषण सुखाने नांदत आहे. एखाद्यापाशी काय नाही, यावरून त्याची ओळख ठरविण्याची ही सवय जुनी आहे. टाचणपत्रावर तो शब्द लिहिताना आमची लेखणी क्षणभर थबकली, तरी या इतिहासाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.