पाण्यातली स्टेज

मारिओ पहिल्यांदा पाण्यात उतरला तेव्हा रिमोट माझ्या हातात होता. उन्हाळ्याची सुट्टी, दिवसाच्या भाड्याने आणलेला टीव्ही गेम, पिवळी कॅसेट आणि शेजारी पाळीची वाट बघत मांडी घालून बसलेला दादा. त्या खेळात दोघांनी खेळायचं तर पाळी मरणावर ठरते. एकीचा मारिओ गेला की दुसऱ्याचा लुईजी सुरू. जमिनीवर मी बराच वेळ रिमोट सोडत नसे. २-२ ही स्टेज आली की मात्र तो माझ्या हातून गेलाच म्हणून समजायचं.

तोवर अंगठ्याला सगळं पाठ झालेलं असायचं. एका बटणाने धावायचं, दुसऱ्याने उडी मारायची, शत्रूच्या डोक्यावर पाय द्यायचा. पाण्यात यातलं काहीच चालत नाही. धावायचं बटण दाबलं तरी वेग वाढत नाही. माशाच्या डोक्यावर पाय दिला तर मासा मरत नाही, मारिओ मरतो. बटणाच्या प्रत्येक दाबाला एक हात मारला जातो, थांबलं की बुडायला होतं, आणि जिथे तळ फुटलेला आहे तिथे पाणी खाली ओढतं. पाच स्टेजमध्ये जे शिकलो ते सहाव्या स्टेजच्या दारात काढून ठेवायला लावलं होतं.

चांगल्या खेळातली नकोशी जागा कोणती असं विचारलं तर खूप जण आजही पाण्यातल्या स्टेजचं नाव घेतात. संथ, अवघड, जीव नकोसा करणारी. दोष पाण्यावर येतो. मला ते पटत नाही, म्हणून या स्टेजचं कूळ शोधत मागे जायचं ठरवलं.

अगदी सुरुवातीला पाणी म्हणजे नुसतं मरण होतं. १९८१ च्या ‘फ्रॉगर’मध्ये ओंडक्यावरून पाय चुकला की बेडूक नदीत पडून मरतो. बेडूक, आणि पाण्यात पडून! पुढच्याच वर्षी ताइतो कंपनीने ‘जंगल किंग’ काढला. त्याचे चार प्रवेश होते. पहिल्यात वेलींवर झोके घ्यायचे, दुसऱ्यात थेट नदीत उडी. तिथे सुरीने मगरी मारायच्या आणि श्वास संपायच्या आत पृष्ठभागावर यायचं. (टारझनचे हक्क असणाऱ्यांनी हरकत घेतली आणि खेळाला ‘जंगल हंट’ हे नाव घ्यावं लागलं.) पाण्यातल्या स्टेजचे दोन मोठे गुण या एका नदीत आलेले दिसतात. एक, पाण्यात शिरलं की आधीची हालचाल संपते. दोन, श्वास मोजला जातो.

मारिओने त्यातला पहिला गुण घेतला, दुसरा सोडून दिला. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये मारिओ कितीही वेळ पाण्याखाली राहू शकतो, वरचं घड्याळ संपेपर्यंत. आणि त्याच्या पोहण्याचं मूळ पाण्यात नाहीच, ते हवेत आहे. त्याच वर्षाच्या सुरुवातीला निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रावर ‘बलून फाइट’ आला होता. त्यात फुगे बांधलेली माणसं हात फडफडवत उडतात. त्याचा प्रोग्रॅम लिहिला होता एचएएल लॅबोरेटरीतल्या सातोरू इवाता यांनी, जे पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. मारिओचे प्रोग्रॅमर तोशिहिको नाकागो यांनी याच खेळाची आर्केडवरची आवृत्ती केली होती, आणि इवातांच्या आवृत्तीतली माणसं आपल्यापेक्षा सफाईने का तरंगतात हे कोडं त्यांना पडलं. उत्तर हिशेबात होतं. पडद्यावरचा ठिपका हे सगळ्यात लहान माप न धरता इवाता त्याच्याही आतल्या अपूर्णांकात जागा मोजत होते. तोच हिशेब मारिओच्या पोहण्यात आला.

म्हणजे २-२ मधलं पाणी हे खरं तर कमी गुरुत्वाकर्षणाचं आकाश आहे. निळा रंग, शेवाळ आणि बुडबुडे वरून चढवलेले. सगळा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता, त्यामुळे उडीचंच गणित बदलून पोहणं तयार करणं ही काटकसरही होती. कोजी कोंडो यांनी या स्टेजला वॉल्ट्झच्या तीन मात्रांच्या ठेक्यावर धून दिली. जमिनीवरची धून पुढे ढकलते, ही झुलवते. आज ती ऐकताना लक्षात येतं की स्टेज संथ असणं ही चूक नव्हती, संगीतासकट ठरवून केलेली गोष्ट होती. आम्ही मात्र जमिनीवरची घाई घेऊन पाण्यात उतरत होतो.

लवकरच आम्हा मुलांना पळवाट कळली. १-२ च्या शेवटी छतावरून चालत गेलं की पाइपांची गुप्त खोली लागते आणि तिथून सरळ चौथ्या जगात जाता येतं. २-२ पाहावीही लागत नाही. चौथ्या जगातून आणखी एका खोलीतून आठव्यात. दादाने हा मार्ग कुठल्याशा मित्राकडून शिकून आणला आणि आम्ही सुटलो असं वाटलं. पण शेवटच्या किल्ल्यात, ८-४ मध्ये, योग्य पाइपातून खाली उतरलं की पुन्हा पाणी. त्याला पळवाट नाही. राजकन्येला सोडवायचं तर पोहायला यावंच लागतं, आणि २-२ टाळून आलेल्यांचा हात तिथे कोरा असतो.

त्यानंतरच्या काही वर्षांत पाण्यातली स्टेज पुष्कळ खेळांत आली आणि अनेकदा वाईट रूपात आली. १९८९ मध्ये कोनामीच्या निंजा कासवांच्या खेळात धरणाच्या पोटात शिरून आठ बॉम्ब निकामी करायचे असतात. वर घड्याळ, आजूबाजूला झटका देणारं गुलाबी शेवाळ आणि त्यातून जायला कासवाच्या अंगाएवढीच फट. जन्माने पाण्याची असलेली ही मंडळी पाण्यातच सगळ्यात अवघडलेली दिसतात. या स्टेजबद्दल याहून जास्त लिहावं असं तिच्यात काही नाही.

सॉनिकबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. १९९१ चा ‘सॉनिक द हेजहॉग’ हा वेगाचा खेळ. उतारावरून गोल होऊन सुटायचं, वळसे घ्यायचे. चौथ्या टप्प्यावर ‘लॅबिरिंथ झोन’ येतो आणि पाण्याच्या रेषेखाली गेल्यागेल्या सॉनिकचा वेग निम्म्यावर येतो. त्याला पोहता येत नाही, तो तळावरून चालतो. प्रोग्रॅमर युजी नाका यांची समजूत होती की हेजहॉगला पोहता येत नाही. खरा हेजहॉग उत्तम पोहतो. एका गैरसमजातून एवढी मोठी स्टेज उभी राहिली.

श्वास ३० सेकंदांचा. आधी इशाऱ्याच्या घंटा वाजतात. मग ती धून सुरू होते जी ऐकलेल्या कुणाच्याही पोटात आजही गोळा येतो: दोन सुरांची चढत जाणारी धडधड आणि सॉनिकच्या डोक्यावर पाचापासून उलटे आकडे. वाचायचं तर फरशीच्या फटीतून वर येणारा मोठा बुडबुडा गिळावा लागतो, आणि तो कधी येईल ते आपल्या हातात नाही. छोटे बुडबुडे येत राहतात, मोठा येत नाही. खेळांच्या दुनियेतला सगळ्यात वेगवान गडी एका फटीपाशी उभा राहून वाट बघतो. माझ्या मते या कुळातला सगळ्यात त्रासदायक क्षण हा आहे, कारण इथे हातांना काहीच काम उरत नाही. हा झोन आधी दुसऱ्या क्रमांकासाठी तयार होत होता. तो फार अवघड झाला म्हणून मागे ढकलला गेला. तरी शेवटाकडे, ‘स्क्रॅप ब्रेन झोन’च्या दुसऱ्या भागाअखेरीस जमीन पायाखालून निघते आणि आपण पडतो ते रंग बदललेल्या त्याच पाण्यात.

श्वास मोजण्यामागे नुसतं निसर्गाचं अनुकरण नव्हतं, धंद्याचंही गणित होतं. १९९२ च्या ‘एको द डॉल्फिन’मध्ये सगळा खेळच समुद्रात आहे. डॉल्फिन देखणा, चपळ, पण खेळ कमालीचा कठीण. त्याचे कर्ते एड अनुन्झियाटा यांनी पुढे सांगितलं की अमेरिकेत मुलं कॅसेट भाड्याने आणून शनिवार-रविवारात खेळ संपवतील ही धास्ती होती, म्हणून तो मुद्दाम कठीण केला. हे वाचलं तेव्हा मला आमचा भाड्याचा टीव्ही गेम आठवला. ज्या भिंतींवर आम्ही डोकं आपटत होतो त्यातल्या काही भाडेकऱ्यांसाठीच बांधलेल्या होत्या.

१९९४ च्या ‘डॉन्की काँग कंट्री’त मात्र पाणी सुखाचं आहे. श्वासाचं घड्याळ नाही. एनगार्ड नावाचा तलवारमासा भेटतो, त्याच्या पाठीवर बसलं की वेग येतो आणि शत्रूला भोसकताही येतं. शिवाय डेव्हिड वाइज यांची ‘ॲक्वाटिक ॲम्बियन्स’ ही धून. हा खेळ ज्या यंत्रावर चालायचा त्यात आवाजासाठी जेमतेम ६४ किलोबाइटची जागा होती, त्यात वाइज यांनी पाण्याखालचा गारवा उतरवला. स्टेज तितकीच संथ, पण कुणी तिची तक्रार करत नाही. पाण्यात जमिनीवरची हालचाल गेली तर तिच्या बदल्यात दुसरी काही मिळते का, एवढाच प्रश्न असतो.

या कुळातली सगळ्यात बदनाम वास्तू १९९८ ची. ‘द लेजेंड ऑफ झेल्डा: ओकॅरिना ऑफ टाइम’मधलं जलमंदिर, रचनाकार एजी आओनुमा. हायलिया सरोवराच्या तळाशी ते मंदिर आहे. मध्ये एक उंच मनोरा, भोवती मजले, आणि तीन ठिकाणी ओकॅरिनावर एक अंगाई वाजवली की मंदिरातलं पाणी तीनपैकी एका उंचीवर जातं. पाणी वर असताना जी वाट उघडते ती खाली असताना बंद होते. सगळी इमारत एकच कुलूप आहे, आणि ते डोक्यात धरून फिरायचं असतं. मला ही रचना थोर वाटते. झोरा या पाण्यात राहणाऱ्या जमातीचा निळा अंगरखा घातला की श्वासाची चिंताही राहत नाही. मग लोक इतके का वैतागले?

बुटांमुळे. खेळाचा नायक लिंक, त्याला बुडायचं असेल तर लोखंडी बूट घालावे लागतात, तरंगायचं असेल तर काढावे लागतात. आणि दर वेळी खेळ थांबवायचा, सामानाचं पान उघडायचं, बूट निवडायचे, पान मिटायचं. एका खोलीत चार-पाच वेळा, मंदिरभर किती तरी वेळा. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला वाळका भोपळा बांधत. भोपळा एकदा बांधला की शिकणं संपेपर्यंत पाठीवर असायचा. तो प्रत्येक बुडीआधी विहिरीच्या पायऱ्या चढून, घरी जाऊन सोडायचा आणि परत बांधायचा असता तर गावात कुणी पोहायला शिकलं नसतं. जलमंदिरात लोक हरले ते या पायऱ्यांवर. त्यात एक किल्ली मनोऱ्याच्या पोटात, पाणी वर आल्यावर तरंगत वर जाणाऱ्या ठोकळ्याखालच्या भुयारात ठेवलेली. ती नजरेतून सुटली की माणूस तासन्‌तास त्याच खोल्यांतून बूट घालत-काढत फिरतो.

आओनुमांनी या बुटांबद्दल पुढे उघडपणे माफी मागितली. नुसती मागितली नाही, त्यांनी ते दुरुस्त केलं. २०११ मध्ये हा खेळ थ्रीडीएसवर आला तेव्हा बूट एका स्पर्शावर आले, आणि पाण्याची उंची बदलणाऱ्या जागांकडे नेणाऱ्या रंगीत रेषा भिंतींवर उमटल्या. खोल्या त्याच, कोडी तीच, पाणी तेवढंच. मी तेव्हा ते मंदिर पुन्हा खेळले आणि पहिल्यांदा त्यात रमले. १३ वर्षं ज्याला पाण्याचा दोष म्हणत होतो तो सामानाच्या पानाचा निघाला होता.

खरं उत्तर आओनुमांना त्याआधीच सापडलं होतं. २००० च्या ‘मेजोराज मास्क’ या झेल्डा मालिकेतल्याच खेळात झोराचा मुखवटा चढवला की लिंकला कल्ले आणि पर फुटतात, आणि तो बाणासारखा पोहतो, पाण्यातून उसळी मारून हवेत सूर घेतो. तिथलं जलमंदिरही अवघड आहे, प्रवाहांच्या दिशा उलटवत बसावं लागतं, पण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणं हाच आनंद होतो. पुढे ‘विंड वेकर’मध्ये सगळं जगच समुद्र झालं आणि कंटाळा पाण्याखालून पाण्यावर आला. शेवटी ट्रायफोर्स या दिव्य वस्तूच्या तुकड्यांसाठी आठ नकाशे शोधायचे, प्रत्येक वाचून घ्यायला ३९८ रुपी (हे खेळातलं चलन) मोजायचे, आणि मग होडी हाकत बसायचं. २०१३ च्या नव्या आवृत्तीत आठातले पाच तुकडे सरळ हाती दिले आणि वेगवान शीड आलं.

२०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये लिंक बुडीच मारू शकत नाही. पृष्ठभागावर पोहतो, दमला की बुडतो, बस. एका अर्थाने १९८१ च्या बेडकाच्या जवळ परत आल्यासारखं. आणि २०२३ च्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्ये जलमंदिर परत आलं, ते ढगांच्या वर, आकाशात तरंगणाऱ्या बेटांवर. तिथे चार नळ चालू करायचे असतात, पण बुडायला पाणी नाही. बूट नाहीत, श्वासाचं घड्याळ नाही. गुरुत्वाकर्षण तेवढं कमी आहे. उडी मारली की लिंक दुप्पट उंच जातो आणि सावकाश खाली येतो. तलवार चालते, धनुष्य चालतं, हवेत असताना नेम धरायला वेळ मिळतो.

पहिल्या उडीलाच अंगठ्याने ते ओळखलं. फुगे बांधलेल्या माणसांचं, २-२ मधल्या मारिओचं तेच तरंगणं. चार नळ बाजूला राहिले, मी त्या बेटावर बराच वेळ नुसत्या उड्या मारत राहिले.