पडीक माळ

नान्नजच्या माळावर पहिल्यांदा गेले तेव्हा हिरमुसलेच. अभयारण्य म्हणे, आणि झाडंच नाहीत! सलवारीत रुतलेली कुसळं उपटत बसले. पण तेच तर इथलं वैभव: कुसळी, पवन्या, मारवेल, अधूनमधून तरवड नि हिवर. सरकारी दप्तरात मात्र असे माळ 'पडीक'. १९७२च्या दुष्काळानंतर इथे गिरिपुष्प लावलं गेलं. हेतू चांगलाच हो, पण माळढोकाला उघडं गवत लागतं. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं, ८,४९६ चौ. किमी. गावं, शेतं सगळी आत! पुढे ते १,२२२वर आलं.

खडकावर राखाडी डाग होते, आपल्या काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढणारे. मी बुरशी समजून एक नखाने खरवडला. वयाने माझ्याहून मोठा असेल तो.