लहान संघांसाठी उघडं राहिलेलं दार

गडब, वडखळ, पेण, रोहा या पट्ट्यात ज्याने रात्रीच्या उजेडात कबड्डीचे सामने पाहिले आहेत, त्याला बाद पद्धत समजावून सांगावी लागत नाही. हरला तो घरी गेला. साखळी सामन्यांत एक वाईट दिवस भरून काढता येतो, इथे येत नाही. म्हणून नावाजलेला संघ पहिल्या चढाईपासून दडपणाखाली असतो आणि नवख्या संघाला जीव येतो. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा याच पद्धतीवर १९३९ पासून उभी आहे. तिची वाटचाल आपल्याकडच्या खेळाडूंनी आणि संघचालकांनी जरूर वाचावी अशी आहे.

सुरुवात बेताची होती. पहिल्या वर्षी आठच संघ आले. एव्हन्स्टन इथल्या अंतिम सामन्यात ओरेगनने ओहायो स्टेटला ४६-३३ असं हरवलं. आयोजन प्रशिक्षकांच्या संघटनेनं केलं होतं आणि सुमारे अडीच हजार डॉलरचा तोटाही तिनेच सोसला. त्याआधी वर्षभर न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या निमंत्रितांच्या स्पर्धेचा मान त्या काळी मोठा होता. पुढे एनसीएए या राष्ट्रीय क्रीडा संघटनेच्या छत्राखाली ही स्पर्धा वाढली आणि निमंत्रितांची मागे पडली. १९६६ मध्ये टेक्सास वेस्टर्नने पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी अंतिम सामना सुरू केला आणि सगळे गोरे खेळाडू असलेल्या केंटकीला ७२-६५ असं हरवलं. अमेरिकेच्या सामाजिक इतिहासातही त्या सामन्याची नोंद आहे.

खरं वळण आलं १९८५ मध्ये. संघांची संख्या ६४ झाली. चार गट, प्रत्येकात एक ते सोळा मानांकनं, आणि पहिल्याची गाठ सोळाव्याशी. त्याच वर्षी अंतिम सामन्यात आठवं मानांकन असलेल्या व्हिलानोव्हाने गतविजेत्या जॉर्जटाउनला ६६-६४ असं नमवलं. त्या सामन्यात त्यांनी २८ पैकी २२ फेकी बास्केटमध्ये टाकल्या. इतक्या खालच्या मानांकनाचा विजेता त्यानंतर आजवर झालेला नाही.

पण या स्पर्धेचं मोठेपण मला विजेत्यांच्या यादीत दिसत नाही, प्रवेशाच्या नियमात दिसतं. देशभरातल्या तीसेक विभागीय साखळ्यांपैकी प्रत्येकीच्या विजेत्याला थेट जागा मिळते, मग ती साखळी कितीही दुबळी असो. उरलेल्या जागा निवड समिती भरते. म्हणजे ज्या महाविद्यालयाचं नावही कुणी ऐकलेलं नाही, तेही आपल्या विभागात शेवटचा सामना जिंकलं की बलाढ्यांसमोर उभं राहतं.

पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या मानांकनाने सोळाव्याला सलग १३५ वेळा हरवलं होतं. २०१८ मध्ये मेरीलँडच्या बाल्टिमोर काउंटी विद्यापीठानं ती रांग तोडली. मध्यंतराला व्हर्जिनियाशी २१-२१ बरोबरी, शेवटी ७४-५४. वीस गुणांचं अंतर! व्हर्जिनियाचंही कौतुक करायला हवं, पुढच्याच वर्षी तो संघ विजेता झाला. मुलींनी मात्र हा पराक्रम वीस वर्षं आधीच केला होता. १९९८ मध्ये सोळाव्या मानांकनाच्या हार्वर्डने स्टॅनफर्डला त्यांच्याच मैदानावर ७१-६७ असं हरवलं होतं. या विजयाची आठवण फार थोडे काढतात, याचं वाईट वाटतं.

मला सर्वांत जवळची वाटते ती सेंट पीटर्सची कामगिरी. जर्सी सिटी हे भारतीय वस्तीचं शहर, तिथलं हे छोटंसं जेझुइट विद्यापीठ. २०२२ मध्ये पंधरावं मानांकन घेऊन आलेल्या या संघानं आधी केंटकीला जादा वेळेत ८५-७९ असं नमवलं, मग मरे स्टेटला, मग पर्ड्यूला ६७-६४ असं हरवून अखेरच्या आठांत धडक मारली. पंधराव्या मानांकनाचा संघ तिथवर त्याआधी कधीच पोहोचला नव्हता. नॉर्थ कॅरोलिनाने त्यांना थांबवलं. त्यानंतर प्रशिक्षक शाहीन हॉलोवे शेजारच्या मोठ्या विद्यापीठात गेले आणि बरेच खेळाडूही पांगले.

हे पांगणं आता नेहमीचं झालं आहे. २०२१ पासून खेळाडूला वर्षभर बाहेर न बसता महाविद्यालय बदलता येतं आणि स्वतःच्या नावावर कमाईही करता येते. खेळाडूला दोष देता येणार नाही, त्याच्या घामाचे पैसे त्याला मिळायलाच हवेत. आपल्याकडेही गावचा चांगला चढाईपटू नोकरीसाठी कंपनीच्या किंवा पोलिसांच्या संघात जातो आणि त्याच्या घरचे सुखावतात. परिणाम मात्र उघड आहे. २०२५ मध्ये शेवटच्या सोळांत फक्त मोठ्या साखळ्यांचे संघ उरले आणि चारही अव्वल मानांकित उपांत्य फेरीत पोहोचले. तरीही विभागीय विजेत्याची थेट जागा शाबूत आहे. ती शाबूत आहे तोवर सेंट पीटर्स पुन्हा घडू शकतं.

आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा चालवणाऱ्यांना म्हणून एवढंच सांगणं आहे: वेळ आणि खर्च वाचवण्यासाठी लहान महाविद्यालयांना पात्रतेच्या पायरीवरच गाळू नका. आणि वाचकहो, पेणच्या, रोह्याच्या किंवा तुमच्या जवळच्या महाविद्यालयाचा संघ खेळायला निघाला, तर अंतिम सामन्याची वाट न पाहता पहिल्या फेरीलाच मैदानावर जा.