पुराण की भाषांतर? ख्रिस्ती शास्त्रप्रामाण्याची मराठीतील दोन रूपे

इसवी सन १६१६ मध्ये गोमंतकातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापले गेले. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, १८११ मध्ये, बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी सिद्ध केलेले ‘नव्या करारा’चे मराठी भाषांतर प्रसिद्ध झाले. दोघेही जन्माने इंग्रज, दोघेही धर्मप्रसारासाठी या देशी आलेले, आणि दोघेही येथील भाषांचे निष्ठावंत अभ्यासक. असे असता एकाने बायबलाचे पुराण रचावे आणि दुसऱ्याने त्याचे वाक्यशः भाषांतर करावे, हा भेद कशामुळे पडला? स्टीफन्स कवी होते आणि पुराणश्रवण येथील लोकांच्या अंगवळणी पडलेले होते, असे उत्तर सामान्यतः देण्यात येते. ते खोटे नव्हे. परंतु आमच्या मते ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर ख्रिस्ती धर्मातील शास्त्रप्रामाण्याच्या सिद्धांतात सापडते, आणि तो सिद्धांत समजून घेतल्यावाचून गोमंतकाच्या इतिहासातील एक प्रकरण नीट उलगडत नाही.

बायबल हा एक ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह आहे. राजे, मेंढपाळ, संदेष्टे, कोळी अशा भिन्न भिन्न माणसांची नावे त्यातील ग्रंथांस जोडलेली आहेत, आणि त्यांची रचना अनेक शतके चालली होती. तथापि ख्रिस्ती श्रद्धा अशी की, या सर्वांचा मूळ कर्ता ईश्वरच होय. पौलाच्या नावे असलेल्या, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शास्त्राला एक ग्रीक विशेषण लावले आहे. त्याचा शब्दार्थ ‘ईश्वराने श्वासिलेले’ असा होतो. दुसऱ्या शतकातील अथेनागोरस याने संदेष्ट्यांस बासरीची उपमा दिली आणि पवित्र आत्म्यास वादकाची. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने ईश्वर हा प्रधान कर्ता आणि मनुष्य हा निमित्तकर्ता, अशी व्यवस्था लावली.

आमच्या वाचकांस येथे सहजच वेदप्रामाण्याची आठवण होईल. परंतु साम्य जपून पाहिले पाहिजे. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत. त्यांस कर्ताच नाही, म्हणून कर्त्याचा दोषही त्यांस लागत नाही. ख्रिस्ती मत याच्या उलट आहे: या शास्त्रास कर्ता आहे, तो सर्वज्ञ आहे, आणि म्हणूनच त्याचे वचन प्रमाण आहे. वक्त्याच्या आप्तत्वावरून शब्दाचे प्रामाण्य सिद्ध करणाऱ्या नैयायिकांशी हे मत अधिक जवळचे. मात्र नैयायिकांस न भेडसावणारा एक प्रश्न ख्रिस्ती पंडितांपुढे उभा राहिला. ईश्वराने माणसांच्या हातून, विशिष्ट काळी, विशिष्ट भाषेत लिहविले असेल, तर असे ग्रंथ कोणते, आणि त्यांचा अर्थ कोणी लावावा?

ग्रंथांची यादी एका दिवसात ठरली नाही. आज मान्य असलेले नव्या कराराचे २७ ग्रंथ नेमके तेवढेच नमूद करणारी सर्वांत जुनी उपलब्ध यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या ३६७ मधील पत्रात आढळते. ३९७ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेनेही ती मान्य केली. त्याच सुमारास जेरोमने हिब्रू व ग्रीक मुळांवरून लॅटिन भाषांतर सिद्ध केले. ‘वुल्गाता’ या नावाने तेच पुढे सहस्र वर्षे पश्चिम युरोपचे बायबल होऊन राहिले.

सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने ही घडी विसकटली. पोप व धर्मसभा चुकू शकतात, शास्त्र मात्र चुकत नाही, ही त्याची भूमिका. १५२२ मध्ये त्याने नव्या कराराचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले. त्यास रोमच्या धर्मपीठाने दिलेले उत्तर म्हणजे ट्रेंट येथील धर्मसभेचा ८ एप्रिल १५४६ चा निर्णय होय. त्यात लिखित शास्त्र आणि धर्मसंघात चालत आलेली परंपरा यांस समान आदर देण्यात आला. वुल्गाता अधिकृत ठरली. आणि धर्मसंघाने लावलेल्या अर्थाविरुद्ध कोणी आपल्या बुद्धीने अर्थ लावू नये, असा निर्बंध घालण्यात आला. पुढे १५६४ च्या नियमावलीने लोकभाषेतील बायबल वाचण्यासही लेखी अनुज्ञा आवश्यक केली. शास्त्र ईश्वरी आहे याविषयी दोन्ही पक्षांत वाद नव्हता. वाद होता तो त्या शास्त्राची किल्ली कोणाच्या हाती असावी, एवढ्याचाच.

हा युरोपातील वाद गोमंतकास परका राहिला नाही. ट्रेंटच्या निर्णयानंतर चौदा वर्षांनी, १५६० मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडण्यात आली. कुठ्ठाळीचा श्रीमंगेश, केळोशीची श्रीशांतादुर्गा, वेर्ण्याची श्रीम्हाळसा या दैवतांस भक्तांनी जुवारीपलीकडे अंत्रुज महालात नेले, ही हकीकत आमच्या वाचकांच्या घराघरांत पिढ्यानुपिढ्या सांगितली जात आहे. देवांबरोबर काही माणसे गेली. पुष्कळ माणसे मागे राहिली आणि बाटली. त्यांच्या जुन्या पोथ्या बाळगणे हा अपराध ठरला होता. देऊळ गेले, कीर्तन गेले, पुराणिक गेला. ऐकण्याची सवय मात्र गेली नाही.

स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत बहुतेक काळ साष्टीतच राहिले. ख्रिस्तपुराणाच्या आरंभी त्यांनी एक प्रसंग घातला आहे. एक नवख्रिस्ती त्यांस आदराने विचारतो की, आमची पहिली पुराणे तुम्ही बंद केलीत, तर मग त्यांसारखे दुसरे काही आम्हांस का देत नाही? या प्रश्नात तक्रार आहे आणि भूकही आहे. हजारो ओव्यांचा तो ग्रंथ म्हणजे या प्रश्नाचेच उत्तर होय.

आता पाहा, स्टीफन्स यांस दुसरे कोणते उत्तर देता आले असते? जेझुइट या नात्याने ते ट्रेंटच्या निर्णयाने बांधलेले होते. लोकभाषेत बायबल जसेच्या तसे हाती देणे त्यांस मोकळे नव्हते. परंतु शास्त्राचा अर्थ धर्मसंघाच्या मुखाने कथारूपात सांगणे हे त्यांच्या सिद्धांतास पूर्णपणे धरून होते. आपल्याकडे श्रुती सर्वांच्या कानी पडत नसे; तिचा आशय पुराणांच्या द्वारे घरोघरी पोचे. स्टीफन्स यांनी ही व्यवस्था ओळखली आणि वुल्गाता श्रुतीच्या ठिकाणी ठेवून तिचे पुराण मराठीत रचले. पहिल्या भागात सृष्ट्युत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द घेण्यासही ते कचरले नाहीत. पुराण असल्यामुळे कवीस निवडीचे व विस्ताराचे स्वातंत्र्य मिळाले, आणि ग्रंथ मूळ शास्त्राच्या जागी बसण्याचा धोकाही टळला. या काव्याचे माधुर्य निर्बंधातून उपजले आहे, हे विसरता येत नाही. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. हस्तलिखिते ख्रिस्ती घराण्यांनी जपली आणि त्यांच्याच आधारे १९०७ मध्ये मंगळूरची आवृत्ती निघाली.

कॅरी यांची भूमिका अगदी निराळी. ते बॅप्टिस्ट पंथाचे होते. शास्त्र स्वयंपूर्ण आहे, ते प्रत्येकाने आपल्या भाषेत स्वतः वाचावे, हे त्या पंथाचे मूळ तत्त्व. म्हणून कथेचा आशय देऊन त्यांचे समाधान होण्याजोगे नव्हते. वाक्य तेच हवे होते. वैजनाथ नावाच्या पंडितांचे साह्य घेऊन त्यांनी प्रथम १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये कोश छापला. १८०४ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या बायबल सोसायटीने तर टीपा व भाष्य यांवाचूनच बायबल छापण्याचा नियम केला होता. मुंबईतील अमेरिकन मिशननेही १८२६ मध्ये नव्या कराराचे स्वतंत्र मराठी भाषांतर प्रसिद्ध केले.

या दुसऱ्या मार्गाचा एक परिणाम मात्र प्रचारकांच्या हाती राहिला नाही. ग्रंथ सर्वांच्या हाती दिला की तो प्रतिपक्षाच्याही हाती जातो. १८३१ मध्ये मोरभट्ट दांडेकर यांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहून जॉन विल्सन यांच्याशी वाद मांडला. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. साष्टीतील त्या नवख्रिस्त्यास पुराण मागता आले. शास्त्राचे प्रामाण्य तपासून पाहण्याची मुभा त्यास नव्हती. गोव्यातील इन्क्विझिशन १८१२ मध्ये, म्हणजे कॅरींचे भाषांतर निघाल्यानंतर वर्षाने, कायमचे बंद झाले.

पुढे दोन्ही प्रवाह एकमेकांच्या जवळ आले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. एका मराठी स्त्रीने कोणाच्याही मध्यस्थीवाचून शास्त्राच्या मुळाशी जावे, हे लूथरच्या तत्त्वाचे या भूमीवरील सर्वांत उजळ उदाहरण होय. रोमच्या धर्मपीठानेही १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेत, शास्त्र सर्व श्रद्धावंतांस मोकळे असावे व त्याची योग्य भाषांतरे व्हावीत, असे जाहीर केले. ट्रेंटनंतर यास चारशेहून अधिक वर्षे लागली.

ख्रिस्तपुराण हे आमच्या भाषेचे लेणे आहे, आणि ते आमच्या देवळांच्या पडझडीनंतरचे अपत्यही आहे. या दोन गोष्टींपैकी एक सांगून दुसरी झाकणे सत्यास धरून होणार नाही. ईश्वराने आपले शास्त्र स्वतः बोलून दाखविले, ही श्रद्धा कोणाचीही असो, ती आदरास पात्र आहे. परंतु ते शास्त्र दुसऱ्याच्या पोथ्या हिरावून घेऊन ऐकविले गेले की त्याच्या हाती देऊन त्यास उलट प्रश्न विचारू दिला गेला, हे पाहणे इतिहासाचे काम आहे. आणि त्या कसोटीवर प्रत्येक धर्माने, आपल्याही धर्माने, स्वतःस घासून पाहावे, असे आम्हांस वाटते.